लग्नाचं शूटिंग सोडून मुंबईत कॅमेरा असिस्टंट व्हायचंय. कुठून सुरुवात करू?

अंबाजोगाईकर

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अंबाजोगाईचा, वय २३, बीएस्सी झालंय. चार वर्षं लग्नं शूट करतोय. आधी एका स्टुडिओवाल्या काकांकडे होतो, आता स्वतःचा सोनी ए सेव्हन थ्री आणि गिंबल आहे. सीझनला महिन्याला २५-३० हजार सुटतात, पण आषाढ लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत शुकशुकाट. वडिलांचं टेलरिंगचं दुकान आहे, रेडिमेड आल्यापासून तिथं फक्त पॅन्ट कमी करायला लोक येतात.

मला सिनेमाचा कॅमेरा शिकायचाय. डीओपी, म्हणजे सिनेमाचा मुख्य कॅमेरामन, व्हायचंय असं इथं लिहायला लाज वाटते, पण मनात तेच आहे. लग्नात वरमाला एकदाच पडते, रिटेक नाही, त्यामुळे हात बसलाय असं मला वाटतं. साठवलेले १ लाख १० हजार आहेत. आत्या कळव्याला राहते, पण एक खोली नि स्वयंपाकघर आणि त्यात पाच माणसं, तिथं किती दिवस पडून राहणार?

मुंबईतल्या एका क्लासचा माणूस रोज फोन करतोय. तीन महिन्यांचा कोर्स, फी अडीच लाख, शंभर टक्के प्लेसमेंट. कॅमेरा विकून आणि थोडं कर्ज काढून तो करावा का? की थेट जाऊन सेटवर उभं राहावं? आणि मोठ्या लग्नांना अधूनमधून गावी येऊन ते पैसे चालू ठेवता येतील का? या क्षेत्रातलं ओळखीचं कुणीच नाही, म्हणून इथं विचारतोय.

सांगोल्याचा फोकसवाला

आधी त्या क्लासवाल्याचा नंबर ब्लॉक कर, मग पुढचं वाच.

आमच्याकडे प्लेसमेंट नावाचा प्रकारच नाही. काम एका शूटपुरतं असतं, शेवटचं पॅकअप झालं की पुन्हा मोकळे. पुढच्या महिन्यात आपल्यालाच काम आहे का हे ज्या डीओपीला ठाऊक नाही, तो तुला कुठं चिकटवणार? रीतसर शिकायचं असेल तर पुण्यात एफटीआयआय ही सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६० पासून, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात. सिनेमॅटोग्राफीचा कोर्स तीन वर्षांचा, पदवी लागते, ती तुझ्याकडे आहे. जागा मोजक्या आणि परीक्षा अवघड. तरी एकदा देऊन बघ. नाही जमलं तर मी ज्या दारानं आत आलो ते दार अजून उघडं आहे: भाड्यानं कॅमेरे देणाऱ्या कंपन्या.

हे दार मला फार उशिरा दिसलं. २०१३ च्या दिवाळीनंतर आलो तेव्हा खिशात १८ हजार होते. भांडुपला मामेभावाकडे उतरलो. पहिलं काम लागलं ते एका मराठी सिनेमावर, 'असिस्टंट डिरेक्टर'. घरी फोन करून सांगितलं, आईनं पेढे वाटले. ४७ दिवस काम केलं. म्हणजे काय केलं, तर कलाकारांना व्हॅनिटी व्हॅनमधून बोलावून आणलं, गर्दी थोपवली आणि चहा किती कप ते मोजलं. ठरले होते ३० हजार, मिळाले १०. बाकीचे 'सिनेमा विकला की' मिळणार होते. सिनेमा विकला गेला की नाही तेही मला कुणी सांगितलं नाही.

त्याच सेटवर मला एक गोष्ट दिसली होती. कॅमेरा एकटा येत नाही. कंपनी त्याच्याबरोबर आपली माणसं पाठवते, त्यांना कॅमेरा अटेंडंट म्हणतात. पेट्या उतरवायच्या, ट्रायपॉड लावायचा, मागितली ती लेन्स हातात द्यायची, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, मॉनिटरची केबल ओढायची आणि रात्री सगळं पुसून, चलानाशी, म्हणजे सामानाच्या यादीशी, ताडून पेटीत भरायचं. पोस्टरवर यांचं नाव नसतं. पण त्यांना रोजचा भत्ता रोज मिळत होता, मला नव्हता. सिनेमा संपल्यावर त्यांच्यातल्याच एकाचा हात धरून अंधेरीच्या एका कंपनीत गेलो. पगार ८ हजार, शूट असेल त्या दिवशी वर भत्ता. उशीर झाला की पेट्यांच्या खोलीतच झोपायचो. चार महिन्यांत अशी वेळ आली की ज्या अ‍ॅरी अलेक्सा कॅमेऱ्याचं एका दिवसाचं भाडं माझ्या पगारापेक्षा जास्त होतं, तो मी डोळे मिटून जोडत होतो.

जायचं कसं, तर स्वतः चालत जायचं. अंधेरी पश्चिम आणि गोरेगाव या पट्ट्यात या कंपन्या आहेत. सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या शूटचं सामान तपासणं चालू असतं आणि जाणती माणसं तिथंच असतात. 'अटेंडंट लागतोय का' एवढंच विचार. लग्नाचे हायलाइट्स दाखवू नकोस, कुणी बघणार नाही. तू लेन्स जमिनीवर ठेवतोस का, पेटी उचलताना आधी कडी लागली आहे का ते बघतोस का, हे मात्र सगळे बघतात.

आता माझी एक फजिती, म्हणजे हे काम हलकं का नाही ते कळेल. भोरला आउटडोअर होतं, राजवाड्यात. सकाळी सातचा शॉट. पेटी उघडली तर बेस प्लेट नाही. तळहाताएवढा धातूचा तुकडा, त्याच्यावाचून कॅमेरा ट्रायपॉडवर बसत नाही. चलानावर माझीच टिक होती. आदल्या रात्री मी प्लेटची जागा बघून टिक केली होती, प्लेट बघून नाही. पुण्याहून दुसरी येईपर्यंत तीन तास गेले. दीडशे माणसांचं युनिट बसून, आणि प्रत्येक जण येता-जाता माझ्याकडे बघून जातोय. डीओपी एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आजही मी वस्तूला बोट लावल्याशिवाय टिक करत नाही.

अटेंडंटपासून असिस्टंट, मग फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस धरणारा), ऑपरेटर आणि नशीब असेल तर डीओपी, अशी ही शिडी. मला फोकसपर्यंत यायला सहा वर्षं लागली. काही जण दोन वर्षांत येतात, काही जण अटेंडंट म्हणूनच केस पांढरे करतात.

'हात बसलाय' म्हणतोस, ते इथं अर्धंच खरं. तुझा सोनी डोळा शोधून आपोआप फोकस धरतो. सिनेमाच्या लेन्सला ऑटोफोकस नसतो, तो हातानं फिरवावा लागतो, आणि जो फिरवतो तो मी. समजा ८५ मिलिमीटरची लेन्स आहे, स्टॉप १.४, म्हणजे लेन्सचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडं, आणि माणूस सहा फुटांवर. फोकसमध्ये राहतं ते जेमतेम दीड इंच. डोळा शार्प असेल तर कान गेलेला. त्यात नटी भावनेच्या भरात अर्धं पाऊल पुढं येते आणि ते पाऊल कुठं पडणार हे तिलाही माहीत नसतं. म्हणून आजपासून एक सवय लाव. समोरच्या वस्तूचं अंतर फुटांत मनाशी ठरव, मग टेप लावून बघ. दार, गाय, समोरच्या दुकानाची पाटी, काहीही. लेन्सवरचे आकडेही बहुतेक फुटांतच असतात, मीटरचा हिशेब करत बसायला सेटवर वेळ मिळत नाही.

बाकी थिअरी हळूहळू येईल. पण एक आकडा पाठ करून ये, १७२.८. तू लग्नात सेकंदाला २५ फ्रेमवर आणि पन्नासच्या, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या, शटरवर शूट करत असशील, म्हणून हॉलच्या ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत. सिनेमा २४ वर चालतो. तिथं शटर अंशांत मोजतात, १८० अंशांचं शटर म्हणजे सेकंदाचा ४८ वा भाग आणि आपली वीज ५० हर्ट्झची, मग दिवे फडफडताना दिसतात. शटर १७२.८ अंशांवर आणलं की बरोबर पन्नासावा भाग होतो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हे तुला विचारणार, मजा बघायला.

आता पैसे. इथंच लोक कोलमडतात, आणि काम मिळत नाही म्हणून नव्हे. काम मिळतं आणि तरीही कोलमडतात. सिरियलमध्ये पैसे नव्वद दिवसांनी येतात. तू १ ऑक्टोबरला लागलास, महिनाभर राबलास, ३१ ला बिल दिलंस, तर पहिला रुपया २९ जानेवारीच्या आसपास दिसणार, तोही टीडीएस कापून. तोवर चार वेळा भाडं भरून झालेलं असतं. मधल्या काळात रोज काम चालू असतं म्हणून गावाकडे सगळ्यांना वाटतं पोरगा कमावतोय, आणि बहिणीच्या फीसाठी फोन येतो. मी तेव्हा व्याजानं पैसे काढून घरी पाठवले होते, 'पगार झाला' म्हणून. तू असलं करू नकोस. निघण्याआधी वडिलांना बसवून हा नव्वद दिवसांचा हिशेब नीट सांग. कंपनीत अटेंडंट म्हणून लागलास तर पगार महिन्याला मिळतो, आधी तिकडून जा म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे.

तुझे १ लाख १० हजार सहा महिन्यांना पुरतात, जपून वापरलेस तर. खोली एकट्यानं घेऊ नकोस, डिपॉझिट आणि दलालीतच निम्मे उडतील. चौघा-पाचांत मिळून घे, जोगेश्वरी, गोरेगाव किंवा मालाडकडे. आत्याकडे पहिले पंधरा दिवस राहा. पुढं नको. कळव्याहून सातच्या कॉल टाइमला, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेला, फिल्मसिटीत पोचायचं तर चारला उठावं लागेल, आणि रात्री दोनला पॅकअप झालं तर पहाटेपर्यंत लोकलच नाही.

कॅमेरा विकू नकोस. लग्नांसाठी गावी जाण्याचं म्हणशील तर विसर. एकदा 'दादा, गावी आहे' म्हणालास की तो फोन दुसऱ्याला जातो, आणि त्या दुसऱ्यानं बरं काम केलं तर पुढचाही त्यालाच.

रंगपेटी

फोकसवाले दादा, हिशेब अगदी खरा. लग्नांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

मी नाशिकची, मेकअप आर्टिस्ट, २०१० पासून मुंबईत. पहिली तीन वर्षं मी ब्रायडलवरच जगले. गावी जाऊन नाही, इथंच, ठाणे-डोंबिवलीकडच्या नवऱ्या. सिरियलला महिन्यातून एखादी सुट्टी मिळायची, त्या दिवशी एक नवरी केली की निम्मं भाडं निघायचं. अंबाजोगाईकर, तुझ्या हातात कॅमेरा आहे. मुंबईतल्या दुसऱ्या लग्नवाल्यांना सेकंड कॅमेरामन लागतोच. फक्त सेटवर कुणाला सांगू नकोस. इथं लोक लग्नवाल्याला हसतात आणि स्वतःच्या बहिणीच्या लग्नात त्यालाच बोलावतात.

संघटनेच्या कार्डाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. प्रत्येक कामाची संघटना वेगळी आहे, कॅमेऱ्याची वेगळी, आवाजाची वेगळी, आमची वेगळी, आणि वर सगळ्यांचं फेडरेशन. सेटवर कधीतरी कार्ड तपासायला येतात. पहिल्या दिवशी कार्ड लागत नाही, पण काम थोडं बसलं की काढून घे. ते 'काढून देतो' म्हणणाऱ्या माणसाकडून नको, संघटनेच्या ऑफिसात स्वतः जाऊन, पावती घेऊन.

माझ्या वेळी बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे. बाईनं केस करायचे, चेहरा पुरुषानं, असा शिरस्ता पन्नासेक वर्षं चालला होता. माझ्या कार्डावर 'हेअर ड्रेसर' होतं आणि करायची मेकअप. तपासणी आली की ब्रश टाकून कंगवा हातात धरायचा. एकदा तर नायिकेचा एक डोळा पूर्ण आणि एक अर्धा, अशा अवस्थेत मी व्हॅनिटीच्या बाथरूममध्ये वीस मिनिटं बसले होते. ती बिचारी बाहेर सांगतेय, माझी मीच करते म्हणून. मग काही जणी कोर्टात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा नियम रद्द केला. राज्यात पाच वर्षं राहिलेलं असलं पाहिजे ही अटही त्याच निकालात गेली. त्या दिवशी मी मालाडला एका सेटवर होते. आमच्या मेकअप दादांनी, ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांनीच, आपला पावडर पफ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, घे, आता लपू नकोस.

असो, विषय तुझा होता. सिरियलला नाक मुरडू नकोस. महिन्याला वीस-पंचवीस दिवस काम, रोज तेच युनिट, आणि एका दिवसात इतके सीन निघतात की हात आपोआप चालायला लागतो. नायगाव, घोडबंदर, मढ, फिल्मसिटी, जिथं सेट असेल त्याच्या जवळ राहा. आणि काय ठरलं ते मेसेजवर लिहून घे. 'दादा, आपलं बोलल्याप्रमाणे इतके रुपये शिफ्ट, बारा तास', एवढं पाठवायचं. समोरच्यानं नुसता अंगठा दाखवला तरी चालतो, पुढं भांडायला तोच कामी येतो.

इथं ज्या मुली वाचत असतील त्यांना एकच: रात्रीच्या पॅकअपनंतर गाडीनं सोडणार का, हे पैशांच्या आधी विचारायचं. जो उत्तर द्यायला लाजतो तिथं जायचं नाही.

पंचगंगेकाठी

तुम्ही सगळे मुंबईच का लावून धरलीय? सिनेमासाठी मुंबईच पाहिजे हा समज आहे. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ ला मुंबईत केला आणि पुढच्या सिनेमांसाठी नाशिकला गेले. प्रभात १९२९ ला आमच्या कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. आत्ताही कोल्हापूर, सातारा, वाई इथं सिरियल आणि सिनेमे चालूच असतात, आमच्याकडे चित्रनगरी आहे. मी स्वतः आर्टमध्ये आहे, सेट उभे करतो, मुंबईत एक वर्ष काढून परत आलो. खोलीचं भाडं निम्म्याहून कमी, जेवण घरचं. पोरानं आधी इकडं यावं.

सांगोल्याचा फोकसवाला

भाऊ, आर्टसाठी तुमचं म्हणणं मान्य. सुतार, रंगारी, सामान सगळं तुम्हाला तिथंच मिळतं. कॅमेऱ्याचं तसं नाही. वाईला शूट असलं तरी पेट्या बहुतेक वेळा मुंबईहूनच येतात आणि अटेंडंट त्याच गाडीत बसून येतात. मी कोल्हापुरात तीन सिरियल केल्या, तिन्हींसाठी गाडी अंधेरीतून निघाली. पोरगा कोल्हापुरात बसला तर कॅमेरा त्याला लांबूनच दिसेल.

रंगपेटी ताई, लग्नांबद्दल तुमचं बरोबर, मी गावी जाण्याबद्दल बोलत होतो. आणि तो बाथरूमचा किस्सा वाचून लाज वाटली. तपासणी आली की आम्ही पुरुष मंडळी 'ताई, आले हो' अशी वर्दी द्यायचो आणि आपण फार मदत केली असं वाटायचं.

अंबाजोगाईकर

सगळ्यांचे आभार. तीनदा वाचलं. क्लासवाल्याला ब्लॉक केलं, तर त्यानं दुसऱ्या नंबरवरून फोन केला, 'फक्त आजच्यासाठी' १ लाख ८० हजार म्हणाला. तोही ब्लॉक केला.

वडिलांना नव्वद दिवसांचं सांगितलं. ते म्हणाले, आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कपडे शिवून नेतं आणि पैसे दिवाळीला देतं, मग तुझं काय वेगळं? आईला नाही पटलेलं, तिला आत्यानं काहीतरी सांगितलंय. गणपती झाले की निघायचं असं ठरवतोय, तोवर दोन लग्नांचे अल्बम द्यायचे आहेत.

दादा, अंतराचं आजच चालू केलं. दुकानातली टेप घेतली. दार अंदाजे ९ फूट म्हणालो, निघालं ११ फूट ४ इंच. समोरचा विजेचा खांब २० म्हणालो, २७ निघाला. टेप पाच फुटांचीच आहे, त्यामुळे खांबापर्यंत जाताना खडूनं रस्त्यावर खुणा कराव्या लागल्या, लोक विचारायला लागले रस्ता रुंद होणार का म्हणून. एक शंका: मी दर वेळी कमीच का सांगतोय?

सांगोल्याचा फोकसवाला

सगळ्यांचं सुरुवातीला एका बाजूला जातं, माझं जास्त जायचं. काही दिवस रोज वीस वस्तू मोज आणि वहीत लिही, अंदाज एका रकान्यात, खरं अंतर दुसऱ्यात. आणि शिंप्याची टेप परत दे, कापडी टेप वापरून वापरून ताणते. हार्डवेअरमधून लोखंडी घे, फूट-इंचवाली, आणि त्याच खांबापासून पुन्हा सुरू कर.